डांबर वेशीपर्यंत, भात डोक्यावर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मुळशी तालुक्यातल्या आमच्या खाचरात भातकापणी चालू होती आणि मी बांधावर बसून एक रिकामटेकडा हिशोब करत होतो. मी राहतो पुण्यात, कोथरूडला. गावी जातो तो शनिवार-रविवारपुरता. त्यामुळं बाकीच्यांनी भारे वाहायचे आणि मी ते मोजायचे, अशी कामाची वाटणी आपोआपच झालेली असते.

हिशोब असा. खाचर एकरभर. इंद्रायणी वाण चांगला साधला तर एकरी सोळा क्विंटल भात निघतं. पेंढा त्याहून थोडा जास्त भरतो, वीस क्विंटल धरू. म्हणजे ३,६०० किलो माल. डोक्यावरून एका खेपेला पंचवीस किलो जातो. झाल्या १४४ खेपा. खाचरापासून टेम्पो जिथं उभा राहतो तिथवर अर्धा किलोमीटर, जाऊन-येऊन एक. म्हणजे एका एकराचं पीक रस्त्याला लावायला १४४ किलोमीटर चाल. पुण्याहून लोणावळ्याला पायी जावं, परत यावं, आणि तरी वर थोडं चालणं शिल्लक राहावं. त्यातली निम्मी चाल डोक्यावर ओझं घेऊन, हातभर रुंदीच्या निसरड्या बांधावरून.

मोठ्या उत्साहानं मी हे काकीला सांगितलं. ती म्हणाली, "झालं असंल मोजून, तर एक भारा उचल."

टेम्पो उभा राहतो तिथपर्यंतचा रस्ता मात्र झकास आहे, हे कबूल केलं पाहिजे. डांबरी, कडेला पांढरे पट्टे मारलेला. शनिवारी सकाळी त्यावरून पुण्याच्या गाड्या ताम्हिणी घाटाकडं पळत असतात. आमच्या काकीचा भारा त्या रस्त्याला लागला की त्याचे हाल संपतात. त्याआधीच्या अर्ध्या किलोमीटरबद्दल मला लिहायचंय.

भाताची उत्पादकता कमी का, यावर बोलणारे बहुतेक जण बियाण्यापासून सुरुवात करतात. मग खत, मग लागवडीचं तंत्र. शेतकऱ्याला शास्त्र कळत नाही, त्याला शिकवलं पाहिजे, असा एकूण सूर. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यापुरतं म्हणजे मावळ, मुळशी, भोर, वेल्हे (आताचा राजगड) आणि जुन्नर-आंबेगावचा डोंगराकडचा भाग एवढ्यापुरतं तरी हे निदान मला आता पटत नाही. इंद्रायणी हा वाणच मुळात इथला. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली तो बाहेर आला, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. वास आंबेमोहोराकडून, ताकद आयआर ८ कडून. त्याआधीचा आंबेमोहोर उंच वाढायचा, जरा वारं सुटलं की आडवा व्हायचा, आणि इंद्रायणीच्या निम्म्यानंही उतरायचा नाही. तो बदल शेतकऱ्यांनी कुणी धोशा न लावता स्वीकारला. चारसूत्री लागवड, म्हणजे भाताचं तूस नि पेंढा जमिनीला परत देणं, गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर रोपं आणि चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मध्ये खोचायची युरिया-डीएपीची गोळी, हीसुद्धा इकडं नवी राहिलेली नाही. पलीकडं नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर बिनचिखलणीचं भात करून दाखवलं, ते सगुणा तंत्र बघायला आमच्या गावातली माणसं जाऊन आलीत. ज्ञान बांधापर्यंत कधीच पोचलंय. पोचत नाही तो ट्रॅक्टर.

आणि गंमत म्हणजे पायाभूत सुविधा म्हणून जे काही असतं ते या पट्ट्यात भरपूर आहे. इतकं की महाराष्ट्रात क्वचितच कुठं असेल. फक्त ते सगळं इथून कुठंतरी जातं.

याची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीची. मुळा आणि निळा नद्यांवर टाटांचं धरण होऊ घातलं तेव्हा १९२१ साली मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह केला. धरणांमुळं उठलेल्या माणसांच्या लढ्याचा इतिहास या देशात जिथून सांगायला सुरुवात करतात, ते हे ठिकाण. बुडालं ते आंबेमोहोराचं खोरं. धरणाचं पाणी आजही पश्चिमेला उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात जातं. पुढं भोरला भाटघर झालं, त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली पूर्वेच्या उसाला. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर यांचं पाणी पुण्याच्या नळांना आणि दौंड-इंदापूरच्या कालव्याला. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला. ते बंद नळातून न्यायचं ठरलं तेव्हा मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ज्या रस्त्यावर हे घडलं तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही मावळची खाचरं चिरूनच गेलाय. त्यावर हव्या त्या ठिकाणी चढता-उतरता येत नाही, बैलगाडीला तर मज्जावच. एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला वावर राहिलेल्या माणसासाठी तो रस्ता म्हणजे वळसा घालून ओलांडायची एक नदी झाली.

मी धरणांच्या विरोधात नाही. कोथरूडला मी रोज सकाळी जे पाणी वापरतो ते त्याच चार धरणांतलं आहे, तेव्हा तोंड उघडताना जरा सांभाळूनच. पण 'ग्रामीण भागात पायाभूत सुविधांवर एवढे कोटी खर्च झाले' असं वाक्य कानावर आलं की आता मी विचारतो, त्यातलं खाचरात किती उतरलं? कोटींचा आकडा तालुक्याच्या नावावर पडतो. भातवाल्याच्या वाट्याला त्यातली नुसती माती येते, तीही पावसाळ्यात.

भात हे तारखांचं पीक आहे, हे शहरातल्या वाचकाला नीट सांगायला हवं, कारण सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. मार्च-एप्रिलात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, जूनच्या पहिल्या पावसाला रोपं टाकायची. तरवा, म्हणजे ही रोपं, एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला की आवणी, म्हणजे खाचरात लावणी. या वयाचं रोप लावलं तर त्याला फुटवे भरपूर येतात. तेच चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं झालं तर ते म्हातारं झालेलं असतं. लावलं तरी फुटवे कमी, लोंब्या कमी. यात बियाणं तेच, खत तेच, माणूसही तोच. फक्त पंधरा-वीस दिवस गेले.

हे दिवस जातात कुठं? बघा. आमच्या शिवारात खाचरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक आहेत. गावाच्या बाजूनं पहिलं खाचर एकाचं, मग दुसऱ्याचं, मग आमचं, त्यापुढं अजून सहा जणांची. वहिवाट सगळ्यांची एकमेकांच्या खाचरातून. उन्हाळ्यात यात काही अडचण नाही, सगळं मोकळं रान. पण जुलैत पहिल्यानं आवणी केली की वाट बंद. आता त्याच्या रोपांवरून पॉवर टिलर नेणार कसा? म्हणून मग पहिल्यानं थांबायचं, आधी आत असणाऱ्यांनी उरकून घ्यायचं, असा गावचा अलिखित नियम आहे. टिलर गावात दोन, मागणारे चाळीस. ओढ्याला पाणी आलं की पलीकडची वाडी तुटते आणि आवणीच्या बाया अडकतात. आतल्याचं उरकेस्तोवर बाहेरच्याचा तरवा म्हातारा. कापणीच्या वेळी हेच उलट्या बाजूनं. आधी वाटेवरच्याचं कापून व्हायला हवं, मग मधल्याचं, मग आतल्याचं. शेवटच्याचं भात पिकून तयार असलं तरी उभंच, आणि परतीचा पाऊस काही रांगेत येत नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणजे दहा फूट रुंदीची, मुरूम टाकलेली एक पाणंद, म्हणजे शेतरस्ता. खाचरांच्या कडेनं जाणारी. बस्स.

नुसत्या वाहण्याचे पैसे काढले तरी कळेल. १४४ खेपांना एका माणसाचे सहा-सात दिवस जातात. मजुरी चारशे धरली तर अठ्ठावीसशे रुपये. सोळा क्विंटल भाताची २०२५-२६ च्या हमीभावानं, म्हणजे क्विंटलला २,३६९ रुपयांनी, किंमत होते ३७,९०४. म्हणजे पिकाच्या किमतीतले सात टक्के निव्वळ शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात गेले. मुंबईपर्यंतचं टेम्पोभाडं क्विंटलमागं याहून कमी पडत असेल तर मला नवल वाटणार नाही. आणि घरची माणसं असतील तर हे पैसे हिशोबात येतच नाहीत. काकीच्या मानेत येतात.

आता रस्त्यांच्या बाजूनं आणि विरोधात जे अभ्यास आहेत त्यांच्याकडं वळतो, कारण ते मला बरेच दिवस छळत होते. शेंगेन फान, पीटर हेझेल आणि आपले सुखदेव थोरात या अर्थतज्ज्ञांनी १९७० ते १९९३ या काळातली राज्यवार आकडेवारी तपासून दाखवलं होतं की सरकारी खर्चात गरिबी हटवायला आणि शेतीची उत्पादकता वाढवायला सगळ्यात जास्त उपयोग ग्रामीण रस्त्यांचा आणि शेती संशोधनाचा झाला. हे वाचून बरं वाटतं. पण २०२० मध्ये सॅम आशर आणि पॉल नोवोसाद यांनी पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांचा अभ्यास मांडला, त्यात निराळंच निघालं. रस्ता आल्यावर चारेक वर्षांत गावात दिसणारा मोठा बदल म्हणजे माणसं शेतीतून बाहेर पडून दुसऱ्या कामांना लागली. पीक, उत्पन्न, घरातली चीजवस्तू यांत फारसा फरक नाही.

दोन्ही खरं असू शकतं, आणि आमच्या गावात दोन्ही डोळ्यांनी दिसतं. डांबरी रस्ता वेशीपर्यंत आला तेव्हा आमची तरणी पोरं पिरंगुटच्या कारखान्यांत आणि हिंजवडीत कामाला जायला लागली. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. माझे वडील पन्नास वर्षांपूर्वी तेच करून पुण्यात गेले, म्हणून मी हे लिहायला बसलोय. पण माणसं बाहेर नेणारा रस्ता आला आणि त्यांच्या जागी यंत्र आत आणणारा रस्ता आलाच नाही. घाटातल्या शेतीचा जो पेच आहे तो इथं. बैल गेले, पोरं गेली, टिलर पोचत नाही. उरल्या पन्नाशीपुढच्या बाया. इर्जिक घालून एकमेकांची आवणी करायची पद्धत होती, तीही माणसं असली तरच चालते. अशा वेळी उत्पादकता टिकली तरी ती कुणाच्या गुडघ्यांवर टिकलीय ते विचारावं लागतं.

आणि ग्रामसडक योजनेचा निकष तरी काय? २५ डिसेंबर २००० ला ती सुरू झाली तेव्हा सर्वसाधारण भागात ५०० लोकवस्तीच्या गावापर्यंत रस्ता, डोंगराळ राज्यं आणि आदिवासी भागात २५० च्या वस्तीपर्यंत. तीस उंबऱ्यांची वाडी यातल्या कशातच बसत नाही. सह्याद्रीच्या कुशीतली वस्ती तर अशा वाड्यांचीच. सपाटीवरच्या गावाचा माप-पट्टा आणून डोंगरातल्या धनगरवाड्याला लावला की तो नापासच होणार.

एवढं सगळं रस्त्याच्या बाजूनं लिहून झाल्यावर आता एक कबुली. आमच्या शेजारच्या शिवारात पाणंद झाली. दोन वर्षांपूर्वी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ज्या आठवड्यात महाराष्ट्रातली निम्मी कामं होतात त्या आठवड्यात. जेसीबी आला, माती ओढली, वर मुरूम पसरला, फोटो काढले. नारळही फुटला. पहिल्या पावसात खालच्या अंगाची पाच खाचरं कोरडी आणि वरच्या अंगाची तीन गळ्याएवढ्या पाण्यात. कारण सरळ होतं. खाचरातलं पाणी कालव्यानं येत नाही. वरच्या खाचरातून बांधाला ठेवलेल्या वाटेनं खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात असं ते उतरत जातं. पाणंदीचा भराव त्या वाटेवर आडवा पडला होता. एक मोरी घातली होती खरी, पण तिचा पाइप खाचराच्या तळापेक्षा फूटभर वर. ज्यानं घातली त्यानं नाला डोळ्यापुढं ठेवून घातली असावी. भाताला वर पाच बोटं पाणी पुरतं, फूटभर साचायची वाट पाहिली तर रोपं कुजतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी आषाढात तिथल्या माणसांनी रात्रीतून भराव फोडला. आता पाणंद दोन ठिकाणी तुटलेली आहे, टिलर पुन्हा बांधावरून उचलून न्यावा लागतो, आणि कागदावर रस्ता पूर्ण आहे.

अंदाजपत्रक करणारा माणूस जूनमध्ये एकदा त्या शिवारात उभा राहिला असता तरी हे टळलं असतं. भाताच्या रानातला रस्ता आधी पाण्याचं काम आणि मग वाहतुकीचं. दर तिसऱ्या-चौथ्या बांधाला मोरी, तिचा तळ खाचराच्या तळाशी. याला खर्च येतो तो सिमेंटच्या पाइपांचा, आणि अडतं तेही तिथंच. रोजगार हमीच्या कामात मजुरीवर साठ आणि साहित्यावर चाळीस टक्के हे प्रमाण पाळावं लागे. माती उकरायला पैसे निघत, पाइप घ्यायला निघत नसत. म्हणून मग बिनमोरीच्या पाणंदी. २०२१ च्या मातोश्री पाणंद योजनेत वेगवेगळ्या निधींची सांगड घालायची सोय झाली, पण सांगड घालायला पंचायतीत बसलेला माणूस तेवढा चिवट लागतो.

पाण्याबद्दल सांगायचं तर शेवटचे पंधरा दिवस. बाकी हंगामभर आमच्याकडं पाण्याचं संकट म्हणजे जास्त पाण्याचं. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या पुढं. पण सप्टेंबरच्या अखेरीला, भात पोटरीतून निसवत (लोंबी बाहेर पडत) असताना किंवा दाणा चिकात असताना, कधीकधी पाऊस दोन आठवडे दडी मारतो. खाचराची जमीन उथळ, खाली कातळ. आठ दिवसांत भेगा पडतात. त्या वेळी एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही मिळालं तर लोंबी ताठ उभी राहते, आणि ताठ लोंबी म्हणजे पोचट लोंबी.

हे एक पाणी किती असतं? एकरावर पाच सेंटिमीटर म्हणजे दोन लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं. पण एक टीएमसी (अब्ज घनफूट पाणी) म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. त्यात असं एक पाणी १ लाख ४० हजार एकरांना देता येईल. निम्मं वाटेत मुरलं-गळलं तरी सत्तर हजारांना. खडकवासल्याच्या साखळीतल्या चार धरणांत मिळून २९ टीएमसी मावतात. मी असं मुळीच सुचवत नाही की धरणातलं पाणी उचलून वर डोंगरात चढवा. आमची बरीच खाचरं धरणाच्या पाण्याच्या वर आहेत, 'धरण उशाला, कोरड घशाला' म्हणतात ते त्यामुळंच. मला फक्त ही मागणी किती चिमुकली आहे ते दाखवायचंय. आणि गंमत म्हणजे त्या पंधरवड्यात आमचा ओढा वाहत असतो. खाचरापासून दोनशे मीटरवर, आठ-दहा मीटर खाली. पाच एचपीचा पंप सहा-सात तासांत एकराचं काम उरकेल.

ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा बंधाराही आहे. त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात टाकतात, कारण त्याचा विचार रब्बीसाठी केलेला आहे. भातासाठी ते पंधरा दिवस आधी लागतात. पूर येईल या भीतीनं कुणी जबाबदारी घेत नाही, आणि दोन वर्षं तर बर्गेच नव्हते. लोखंड होतं, गेलं भंगारात. मोहन धारियांच्या वनराई संस्थेनं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारे घालायची जी साधी रीत रुजवली, ती इथं सप्टेंबरच्या मध्यावर वापरता येते. गोणी फुकट, माणसं लागतात. माणसं पिरंगुटला गेलेली.

आणि पंपाला वीज. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्यात बिल माफ आहे. ज्याचा पंप आहे त्याला. ज्याला वर्षातून एकदा सहा तास पंप हवा, त्यासाठी जोडणी घेणं परवडत नाही, त्याला या माफीतलं काही मिळत नाही. दहा जणांत मिळून चाकावरचा एक सौर पंप अशी काही योजना कुणी काढली तर भातवाल्यांच्या उपयोगी पडेल. पण योजना सातबारा बघून निघतात, आणि सातबारा एकेकट्याचा असतो.

गिरणीबद्दल थोडक्यात. कापलं तेव्हा भातात ओलावा वीस-बावीस टक्के असतो, भरडायला तेरा-चौदा लागतो. मध्ये वाळवण. वाळवायला जागा? तोच तो डांबरी रस्ता. आमच्या गावाला त्या रस्त्याचा खाचरासाठी झालेला एकमेव थेट उपयोग हाच असावा, की दिवाळीत त्याच्या एका बाजूला भात पसरता येतं, गाड्या हॉर्न वाजवत दुसऱ्या बाजूनं जातात. रात्री दव, दिवसा तापलेलं डांबर, यात दाण्याला केसासारख्या चिरा जातात आणि मग जुन्या हलरवर, म्हणजे भरडायच्या यंत्रावर, भरडलं की कणी. सरकारी भरडाईत शंभर किलो भाताला ६७ किलो तांदूळ धरतात. हलरवर त्यातले पाच किलो कमी निघाले तरी सोळा क्विंटलमागं ८० किलो तांदूळ गेला. पुण्यात नवी इंद्रायणी किलोला साठ-सत्तर रुपयांनी घेताना आपण टुकडा फार आहे म्हणून कुरकुर करतो. तो टुकडा गावात सिमेंटचा एक ओटा नसल्याचा आहे.

याउलट बाजूनं मला सगळ्यात जास्त अडवणारा प्रश्न माझ्या चुलतभावानंच विचारला होता. "दादा, पाणंद झाली की सगळ्यात आधी कोण येईल? टिलर का एजंट?" खरंय. मुळशी-मावळात खाचरापर्यंत रस्ता गेला की खाचराचा गुंठ्याचा भाव ठरतो. फार्महाऊसवाला जमीन घेतो, पहिलं काम तारेचं कुंपण. त्या कुंपणात पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट अडकते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, मामलेदार न्यायालयांच्या १९०६ च्या कायद्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करता येते. आम्ही अर्ज केलेला आहे. आवणी दोन झाल्या, तारखा सात.

तरीही रस्ता नको असं म्हणणं मला लबाडीचं वाटतं. जमीन विकली जाऊ नये म्हणून तिथल्या माणसांनी डोक्यावर भारे वाहत राहावं, हा सल्ला कोथरूडच्या गॅलरीतून देणं सोपं आहे. जमीन विकली जाते ती भातात काही उरत नाही म्हणून. आणि उरत नाही त्याची काही कारणं वर सांगितलीत. वाट कायद्यानं पक्की असेल तर कुंपणवाल्याचं फावणार नाही. मे २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन-चार मीटर रुंद ठेवायचे आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायची, असा शासन निर्णय निघाला. मला तो गेल्या अनेक वर्षांतला भातासाठीचा सगळ्यात उपयोगी कागद वाटतो, भाताचा त्यात उल्लेखही नसताना. नोंद आधी आणि मुरूम नंतर, हा क्रम पाळला तर एजंटच्या आधी टिलर येईल अशी मला तरी आशा आहे. भावाला नाही.

डोंगरात यंत्रं घालण्याबद्दलची भीती वेगळी आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, त्यानंतर उतारावर यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाचा त्यात किती हात, यावर बराच वाद झाला. जुन्नर-आंबेगावात पडकई म्हणून सगळ्यांनी मिळून हातानं खाचरं पाडायची पद्धत होती. माणसाच्या हाताला जेवढा उतार झेपतो तेवढाच ती खणायची. पाणंदही तशीच हवी, आहे त्या बांधांच्या चढउतारानं जाणारी. सरळ रेघ मारायचा हट्ट डोंगरात नको.

देखभालीचं तर कुणी नावच काढत नाही. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चौघांचा जीव गेला. रविवार होता, पर्यटकांची झुंबड होती, म्हणून ती बातमी देशभर गेली. तसले गंजलेले साकव या पट्ट्यात ओढ्याओढ्यावर आहेत आणि त्यांवरून माणसं डोक्यावर तरवा घेऊन रोज जातात. नवा साकव बांधायला निधी मिळतो, कारण त्याला पाटी लागते. जुन्याच्या गंजलेल्या नटबोल्टाला पाटी कुठं लावणार?

मागच्या ग्रामसभेला मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो होतो. विषयपत्रिकेवर पहिला विषय गावाच्या स्वागत कमानीचा. दगडी दिसणारी, वर दोन हत्ती, दिवे. चर्चा रंगली ती हत्तींची सोंड वर असावी की खाली यावर. आमचा कागद शेवटी आला. त्यात चार गोष्टी होत्या: तुटलेल्या पाणंदीला खाचराच्या तळाशी सहा मोऱ्या, बंधाऱ्याचे बर्गे दहा सप्टेंबरच्या आत, शाळेमागच्या गायरानात चाळीस फूट बाय साठ फूट वाळवणाचा ओटा, आणि नऊ जणांच्या वहिवाटीची सातबाऱ्यावर नोंद. सगळ्याला मिळून कमानीपेक्षा कमी पैसे लागतात, हे मी आकडे मांडून सांगितलं. सरपंचताई बऱ्या आहेत, त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भाऊ, कमानीचा निधी वेगळा असतो, तो इकडं वळवता येत नाही." त्यांचंही खरंच आहे, तो हेडच वेगळा.

मागं बसलेली काकी पदर सावरत उठली आणि तिनं विचारलं, "ती कमान रुंदीला किती हाय? डोक्यावर भारा घेऊन सरळ जाता येईल, का आडवं व्हावं लागंल?"

हशा झाला. ठरावात मोऱ्या आणि बर्गे आले, ओटा आणि नोंद पुढच्या सभेवर गेली. कमान मंजूर झाली, सोंड वर.